दिवा नसलेली तिन्हीसांज

आपल्याकडे संध्याकाळ कधी एकटी येत नाही. गुरे रानातून परततात, त्यांच्या खुरांची धूळ उडते, म्हणून ती गोरजवेळ. घरोघर दिवा लागतो म्हणून ती दिवेलागण. काही कारण नसता जीव हुरहुरतो म्हणून ती कातरवेळ. देवापुढे निरांजन, तुळशीपाशी पणती, ओसरीवर मुलांचा परवचा, कुणीतरी वाटेकडे डोळे लावून बसलेले; इतकी मंडळी जमली म्हणजे मग आपल्या तिन्हीसांजा पुऱ्या होतात. माणसावाचूनची संध्याकाळ आपल्या भाषेला जणू ठाऊकच नाही.

आज आम्ही आपल्यापुढे जी संध्याकाळ मांडणार आहोत, तिच्यात यांतले काहीच नाही. गुरे नाहीत, दिवा नाही, धूर नाही, वाट नाही आणि वाट पाहणारेही कोणी नाही. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तेथील अरण्यात, सरोवराच्या काठी मावळलेल्या दिवसाचे हे चित्र आहे. फ्रेडरिक एड्विन चर्च या चित्रकाराने ते १८६० साली पुरे केले. चर्च हे त्याचे आडनाव. प्रार्थनामंदिराशी त्याचा संबंध जोडू नये. 'अरण्यातील संधिप्रकाश' असे चित्राच्या नावाचे मराठी करता येईल. सुमारे ४० इंच उंच आणि ६४ इंच रुंद असा हा तैलरंगातला पट. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराच्या कलासंग्रहालयाने तो १९६५ साली विकत घेतला आणि तेव्हापासून तो तेथे आहे.

इतिहासाच्या व्याख्यानात चित्र कशाला, असे कोणी विचारील. इतिहास म्हटला म्हणजे सनदा, बखरी, तहनामे आणि लढाया. पण चित्रही एक कागदच असते. त्यावर काय लिहिले आहे हे जसे वाचावे लागते, तसे काय लिहायचे टाळले आहे हेही वाचावे लागते. आजचा आमचा प्रयत्न त्या दुसऱ्या वाचनाचा आहे.

प्रथम चित्र नीट पाहू. पटाचा मोठा भाग आकाशाने व्यापला आहे. सूर्य डोंगराआड गेला आहे. क्षितिजाशी पिवळसर उजेडाची एक पट्टी तेवढी राहिली आहे. तिच्यावर निळसर-हिरवट आभाळ, आणि त्या आभाळावर पेटल्यासारख्या तांबड्या ढगांच्या रांगा. शेतात नांगराची तासे दूरवर जाताना एकमेकांजवळ येतात, तशा या रांगा आपल्या डोक्यावरून निघून क्षितिजाकडे उतरत जातात. खाली जांभळ्या डोंगरांच्या कुशीत पाणी पसरले आहे. सरोवर म्हणा, की नदीचा संथ, रुंद डोह म्हणा. त्यावर तरंग नाही आणि वरचा तांबडा रंग त्यात झिरपून स्थिर झाला आहे. अगदी पुढे काळोखात बुडू लागलेले खडक आणि झाडे. काही झाडे वाऱ्यापावसाने मोडलेली, वठलेली, आणि काही उंच, काळी, सूचिपर्णी. डावीकडच्या एका झाडाच्या टोकाशी एक पक्षी दिसतो. काहींना तो गरुड वाटतो, आणि गरुड हे त्या देशाचे राजचिन्ह असल्यामुळे त्यावर पुष्कळ तर्क लढवले गेले आहेत. ते तर्क तूर्त बाजूला ठेवू. आम्हांला त्या पक्ष्यापेक्षा त्याच्या भोवतीची शांतता अधिक बोलकी वाटते.

हे आकाश खोटे नाही. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर जमिनीवर सावली येते, पण उंचावरच्या ढगांना तो अजून दिसत असतो. त्याचे किरण तिरपे, हवेच्या फार लांब थरातून येतात; वाटेत निळा प्रकाश चहूकडे विखुरला जातो आणि तांबडा तेवढा पुढे पोहोचतो. ढगांची खालची बाजू तापलेल्या तव्यासारखी दिसते ती यामुळे. प्रकाशाच्या या विखुरण्याचे गणित रॅली या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७१ साली मांडले. म्हणजे चित्रकाराच्या डोळ्याने जे आधी टिपले, त्याची उपपत्ती शास्त्राला ११ वर्षांनी मिळाली.

हा रंग पटावर उतरणे हेही त्या शतकाचेच देणे होते. कॅडमियम धातूचा शोध १८१७ सालचा. त्यापासून केलेले प्रखर पिवळे-नारिंगी रंग शतकाच्या मध्याच्या सुमारास चित्रकारांच्या हाती आले. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाची, दाबून रंग काढायची नळी तयार केली. त्याआधी रंग जनावरांच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत बांधून ठेवीत. ते फार दिवस टिकत नसत आणि प्रवासात फुटत. नळी आल्याबरोबर चित्रकार रंगपेटी पाठीला लावून डोंगरात जाऊ लागला. यंत्रयुगाने जंगल तोडायची करवत दिली, आणि जंगलाचे चित्र काढायची नळीही दिली. ही दोन्ही दाने एकाच हाताची आहेत, हे पुढे उपयोगी पडेल म्हणून येथे सांगून ठेवतो.

आता चित्रकाराकडे वळू. चर्चचा जन्म १८२६ साली कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथे, एका सधन घरात झाला. अठराव्या वर्षी तो टॉमस कोल याच्याकडे शिकायला राहिला. अमेरिकेचा निसर्ग हा युरोपातील जुन्या अवशेषांच्या तोडीचा चित्रविषय आहे, असे ठासून सांगणारा कोल हा हडसन नदीच्या चित्रसंप्रदायाचा आद्य पुरुष. चर्चचे दुसरे गुरू पुस्तकातले, ते म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ आलेक्झांडर फॉन हंबोल्ट. सारी सृष्टी एका नियमाने गुंफलेली आहे आणि चित्रकाराने उष्ण कटिबंधात जाऊन ती डोळसपणे पाहावी, हा हंबोल्टचा उपदेश चर्चने अक्षरशः मानला. १८५३ आणि १८५७ अशी दोनदा तो दक्षिण अमेरिकेत जाऊन आला. त्यातून झालेले 'अँडीजचे हृदय' हे प्रचंड चित्र त्याने १८५९ साली न्यूयॉर्कला मांडले, तेव्हा पाव डॉलरचे तिकीट काढून तीन आठवड्यांत १२ हजारांवर माणसे ते पाहून गेली. कित्येकांनी नाटकाची दुर्बीण सोबत नेली होती, एवढी बारीक पानेफुले त्यात होती! चित्र १० हजार डॉलरला विकले गेले. हयात अमेरिकन चित्रकाराला तोवर एवढी किंमत कोणी दिली नव्हती.

अशा यशाच्या शिखरावर असलेला ३४ वर्षांचा हा माणूस पुढच्याच वर्षी मेनमधली एक संध्याकाळ रंगवतो. मेनला तो अनेकदा जाऊन आला होता. तेथील कटाडिन हा ५,२०० फुटांहून अधिक उंचीचा पर्वत त्याच्या विशेष आवडीचा. १८५६ साली तो थिओडोर विन्थ्रॉप या लेखक-मित्राबरोबर होडीतून आणि पायी त्या भागात हिंडला. विन्थ्रॉपने त्या भटकंतीचे वर्णनही लिहून ठेवले आहे. तेव्हा केलेली टिपणे आणि रेखाटने घेऊन चर्च न्यूयॉर्कला परतला. 'अरण्यातील संधिप्रकाश' हे त्या टिपणांवरून शहरातल्या चित्रशाळेत रचलेले चित्र आहे. त्यातला नेमका डोंगर वा नेमके तळे नकाशावर शोधू गेल्यास हाती लागणार नाही. एका तळ्याचे पाणी, दुसऱ्या दिवसाचे ढग आणि तिसऱ्या डोंगराची कड असे ते जुळलेले आहे. भरवस्तीच्या शहरात बसून, खाली गाड्यांचा खडखडाट चालू असता, त्या माणसाने ही निःशब्द शांतता रचली.

१८६० च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या गूपिल यांच्या दालनात चित्र प्रदर्शित झाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला लिंकन अध्यक्षपदी निवडून आले. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटले. १८६१ च्या १२ एप्रिलला फोर्ट समटरवर तोफा सुरू झाल्या आणि चार वर्षे चाललेल्या यादवी युद्धाला तोंड लागले. जुन्या हिशेबाप्रमाणे त्यात सुमारे ६ लाख २० हजार सैनिक मेले. अलीकडचे अभ्यासक हा आकडा याहूनही मोठा मानतात.

या तारखा पुढ्यात ठेवून चित्राकडे पाहिले म्हणजे अंगावर शहारा येतो. ते आकाश आता सूर्यास्ताचे वाटत नाही, वणव्याचे वाटू लागते. पाणी रक्ताचे दिसते. अनेक समीक्षकांनी हे चित्र युद्धाची पूर्वसूचना म्हणून वाचले आहे, आणि तसे वाचण्याचा मोह कोणालाही होईल.

तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्याने या मोहाला जरा आवरलेले बरे. जे पुढे घडले ते आपल्याला ठाऊक आहे. चर्चला ते ठाऊक नव्हते. महायुद्धाच्या आदल्या वर्षीचे प्रत्येक लग्न आपल्याला करुण वाटते, पण त्या मांडवातल्या वऱ्हाड्यांना ते आनंदाचेच असते. मागाहून आलेले ज्ञान आधीच्या क्षणावर लादणे ही इतिहासलेखनातली नित्याची चूक आहे. 'चर्चला युद्ध दिसले होते' असे आम्ही म्हणणार नाही. मात्र हवा कशी होती ते सांगता येते. १८५४ पासून कॅन्ससमध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरून माणसे माणसांना मारीत होती. १८५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाच्या दाव्यात काळ्या माणसाला नागरिकत्वाचा हक्क नाही असा निकाल दिला होता. १८५९ च्या ऑक्टोबरात जॉन ब्राऊनने गुलामांना उठवण्यासाठी सरकारी शस्त्रागारावर छापा घातला आणि डिसेंबरात तो फासावर गेला. चित्र रंगवले जात होते तेव्हा न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत याच गोष्टींचा घोष चालू होता. कातरवेळेला हुरहुर वाटते ती काही होणार हे ठाऊक असते म्हणून नव्हे. दिवस गेला एवढेच ठाऊक असते म्हणून.

पण आमचा खरा प्रश्न निराळाच आहे. हे चित्र युद्धाविषयी काही सांगते की नाही, यापेक्षा ते 'अरण्य' या शब्दाने काय सांगते, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. चित्रातली भूमी निर्मनुष्य आहे. कुऱ्हाडीचा घाव नाही, झोपडी नाही, होडी नाही. सृष्टी निर्माण झाल्यावरची जणू ही पहिलीच संध्याकाळ. आता १८६० सालचे खरे मेन पाहा.

मेन हे राज्यच मुळी गुलामगिरीच्या सौद्यातून जन्मले. १८२० साली मिसुरीला गुलाम बाळगण्याची मुभा देऊन संघराज्यात घ्यायचे ठरले, तेव्हा तराजू समतोल राहावा म्हणून मॅसॅच्युसेट्सपासून मेन तोडून ते मुक्त राज्य म्हणून दुसऱ्या पारड्यात घातले गेले. त्याच मेनमधल्या ब्रन्सविक गावी राहत असता हॅरिएट बीचर स्टो या बाईंनी 'अंकल टॉम्स केबिन' लिहिली. १८५२ साली ती पुस्तकरूपाने निघाली आणि तिने उत्तरेत गुलामगिरीविरुद्ध रान पेटवले. म्हणजे या 'निर्मनुष्य' प्रदेशाचे नाव त्या वादाच्या आरंभीही आहे आणि ऐन भरातही आहे.

पुढे चला. कटाडिनच्या पायथ्याशी उगम पावणारे पाणी पेनॉबस्कॉट नदीला मिळते. त्या नदीकाठचे बँगोर शहर तेव्हा जगातल्या मोठ्या लाकूडपेठांत गणले जाई. हिवाळ्यात तोडलेले पाइनचे ओंडके वसंतात बर्फ वितळले की पुरात सोडायचे, ते वाहत करवतीच्या गिरण्यांपर्यंत यायचे. चर्चला आवडलेल्या रानातून लाकूडतोड्यांच्या टोळ्या कधीच आत शिरल्या होत्या. हेन्री डेव्हिड थोरो, ज्यांच्या सविनय कायदेभंगावरील निबंधामुळे महात्माजींच्या निमित्ताने आपण त्यांना ओळखतो, ते १८४६, १८५३ आणि १८५७ असे तीनदा या रानात गेले होते. त्यांनी तोडीच्या खुणा पाहिल्या आणि त्या लिहून ठेवल्या. ते प्रवास त्यांच्या मृत्यूनंतर १८६४ साली पुस्तकरूपाने निघाले.

शिवाय या रानात माणसे राहतच होती. पेनॉबस्कॉट हे नदीचे नाव तसेच तेथील मूळ रहिवाशांच्या जमातीचेही नाव आहे. कटाडिन हे नावही त्यांच्याच भाषेतले. सर्वांत मोठा पर्वत असा त्याचा अर्थ सांगतात. १८५७ च्या प्रवासात थोरोंना वाट दाखवणारा जो पोलिस हा याच जमातीचा होता. ज्या सरोवरांवर चर्च होडीतून फिरला, त्यांना नावे देणारे लोक शेकडो पिढ्या त्यांवर होड्या हाकीत आले होते. त्यांचे रान त्यांच्या दृष्टीने रान नव्हतेच. ते घर होते. 'निर्जन अरण्य' हा शब्द उच्चारायला आधी त्या जनांना नजरेआड करावे लागते.

आता हे सारे एका धाग्यात ओवू. मेनचे लाकूड कापले जाई, त्यातून मेनच्याच गोद्यांत जहाजे बांधली जात. ती जहाजे दक्षिणेकडच्या बंदरांतला कापूस भरून लिव्हरपूलला नेत. तो कापूस गुलामांच्या हातांनी वेचलेला. १८६० च्या शिरगणतीत त्या देशात सुमारे ४० लाख माणसे गुलाम म्हणून नोंदली गेली आहेत. उत्तरेतल्या व्यापाऱ्यांच्या आणि गिरणीमालकांच्या हाती जो पैसा खेळे, त्यातला वाटा या कापसाचा. आणि चित्रे विकत घेणारा वर्ग तो हाच. या चित्राचाच पहिला मालक पाहा. विल्यम वॉल्टर्स हा बाल्टिमोरचा धनाढ्य व्यापारी. बाल्टिमोर मेरीलँडमध्ये, आणि मेरीलँड हे गुलाम बाळगणारे राज्य. युद्ध सुरू झाले तेव्हा वॉल्टर्सची सहानुभूती दक्षिणेकडे होती, आणि १८६१ साली तो कुटुंबासह युरोपला निघून गेला. उत्तरेच्या कडव्या अभिमान्याने रंगवलेली संध्याकाळ अशी दक्षिणेच्या कैवाऱ्याच्या भिंतीवर लागली होती. चित्रात कोणीच नव्हते म्हणून ते दोघांनाही आपले वाटू शकले. माणूस आला असता तर तो कोण, कोणत्या रंगाचा, ही जमीन कोणाची, असे प्रश्नही त्याच्यामागून आले असते.

तेव्हाचा देशव्यापी तंटा मुळात 'रिकाम्या' जमिनीचाच होता, हेही विसरू नये. पश्चिमेकडे जो नवा मुलूख वसायचा, तो मोकळ्या शेतकऱ्यांनी वसवायचा की गुलामांच्या मालकांनी, यावर राज्यकर्ते भांडत होते. ती जमीन ज्यांची होती त्यांना कोणीच विचारीत नव्हते. म्हणून १८६० साली निर्जन भूमीचे चित्र काढणे ही राजकारणाबाहेरची गोष्ट नव्हती, मग चित्रकाराच्या मनात राजकारण असो वा नसो.

युद्ध पेटल्यावर मात्र चर्चने आडपडदा ठेवला नाही. १८६१ साली त्याने एक लहानसे चित्र केले. त्यात वठलेले झाड हाच ध्वजदंड, आणि पहाटेचे लाल-पांढरे ढग व निळ्या आभाळातल्या चांदण्या मिळून फाटके राष्ट्रनिशाण झाले आहे. त्याच्या छापील प्रती घरोघर गेल्या. म्हणजे ढगांतून राष्ट्राचे भवितव्य वाचण्याची हौस पुढच्या समीक्षकांनाच होती असे नाही. वर्षभराने चित्रकारालाही ती झाली. पण दोन चित्रांतला फरक पाहण्याजोगा आहे. दुसऱ्याचा अर्थ एका दृष्टिक्षेपात कळतो आणि तेथेच संपतो. पहिले आपल्याला उभे करून ठेवते.

त्या वर्षी जूनच्या १० तारखेला व्हर्जिनियातल्या बिग बेथेल येथे लढाई झाली. तीत पडलेल्या उत्तरेच्या पहिल्या काही अधिकाऱ्यांत एक मेजर होता. त्याचे नाव थिओडोर विन्थ्रॉप. पाच वर्षांपूर्वी कटाडिनच्या रानात चर्चच्या होडीत बसलेला तो हाच मित्र. तो ज्या मन्रो किल्ल्यावर नेमणुकीला होता, तेथे आसपासचे गुलाम पळून येऊन आसरा घेऊ लागले होते, आणि सेनापती बटलर यांनी त्यांना मालकांकडे परत पाठवायचे नाकारले होते. चित्रात जी माणसे नव्हती, ती अशी एकेक करून इतिहासाच्या उजेडात येत होती. आणि चित्र रंगवणाऱ्याच्या सोबत्याने त्यांच्या बाजूने प्राण दिला होता.

या संध्याकाळची सावली आपल्यावरही पडली, हे सांगून मग आवरते घेऊ. युद्धापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीनचतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतून येई. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडू लागल्या. मग सगळ्यांची दृष्टी मुंबईकडे वळली. खानदेश, वऱ्हाड आणि गुजरात यांच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि बॅकबेच्या ५ हजारांच्या भागाला ५० हजारांपर्यंत भाव फुटला. १८६५ च्या ९ एप्रिलला दक्षिणेचे सेनापती ली शरण गेले. ती वार्ता मुंबईला पोहोचली आणि भाव कोसळले. १ जुलै हा हिशेब पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हा लक्षाधीशांचे भिक्षाधीश झाले होते. त्या पैशाची एक खूण मुंबईच्या विद्यापीठात उभी आहे. प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून झालेला आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव धारण करणारा तो राजाबाई मनोरा.

कुणब्याच्या घरात मात्र मनोरा आला नाही. भाव चढले तेव्हा सावकाराने हात सैल सोडला. भाव उतरले, सारा वाढला, आणि कर्ज तेवढे राहिले. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या पेटवल्या, त्यामागे इतर अनेक कारणांबरोबर या चढ-उताराचाही हात होता. तो किती मोठा, यावर इतिहासकारांत दुमत आहे. पण धागा आहे खास.

आणि दुसरा धागा विचारांचा. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा ते त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी निरपेक्षपणे जो स्वार्थत्याग केला, त्याबद्दलच्या आदराने. पुण्याच्या माळ्याच्या घरातल्या माणसाला त्या दूरच्या युद्धात आपल्या माणसांचे दुःख आणि आपल्या माणसांची आशा दोन्ही दिसली. चर्चच्या चित्रात नसलेला माणूस जोतीरावांना इथे बसून दिसला होता. आम्हांला या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. एकाला संध्याकाळ दिसली, दुसऱ्याला दिवा दिसला.

चर्चच्या उत्तरायुष्याबद्दल दोन शब्द. १८६५ च्या मार्चमध्ये त्याची दोन लहान मुले घटसर्पाने गेली. पुढे संधिवाताने त्याचा उजवा हात धरला. हडसन नदीवरच्या टेकडीवर त्याने बांधलेल्या घरातून तो सूर्यास्त पाहत राहिला. १९०० साली तो वारला तेव्हा त्याच्या चित्रांची आवड केव्हाच मावळली होती. मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्र उलटले. १९६६ साली त्याचे घर न्यूयॉर्क राज्याने विकत घेऊन वाचवले. १८६१ सालच्या त्याच्या हिमनगांच्या चित्राला १९७९ साली २५ लाख डॉलर मिळाले. आणि कटाडिनचे काय झाले? पर्सिव्हल बॅक्स्टर या मेनच्या माजी राज्यपालाने स्वतःच्या पैशाने तो पर्वत आणि भोवतालचे रान थोडेथोडे विकत घेतले आणि १९३१ पासून ते जनतेला दिले. आज ते राखीव रान दोन लाख एकरांहून मोठे आहे. निर्मनुष्य अरण्याची जी कल्पना या चित्राने रंगवली ती इतिहासाच्या दृष्टीने अपुरी होती, हे आम्ही पाहिले. पण रान राखावे असे लोकांना वाटू लागण्यात अशा चित्रांचाही वाटा आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. अपुरे सत्यही कधी कधी चांगले काम करून जाते. त्याचे उरलेले अर्धे भरून काढणे हे मागून येणाऱ्यांचे काम.

तेव्हा हे चित्र सुंदर आहे की नाही? आहे, निःसंशय आहे. त्यातले मौन दाखवले म्हणून त्याचा रंग उतरत नाही. आम्ही ते पाहिले आहे ते पुस्तकातल्या छापील प्रतीत, आणि एवढ्या उष्ट्या उजेडातही त्याने आम्हांला खिळवून ठेवले. परंतु सौंदर्याने डोळे दिपले म्हणजे समोरचे काही दिसेनासे होते, हा तर रोजचा अनुभव आहे. दिपलेले डोळे क्षणभर मिटावे आणि पुन्हा उघडावे, एवढेच आमचे सांगणे.

आपण आता येथून घरी जाल. वाटेत तळे असेल, नदीचा घाट असेल. नसेल तर निदान पश्चिमेचे आभाळ असेल. उद्या तिन्हीसांजेला तेथे क्षणभर थांबून पाहा. पाणी तांबडे झालेले असेल, पलीकडचे डोंगर जांभळे. ते मनसोक्त पाहा. आणि मग पलीकडच्या काठावर नजर टाकून स्वतःला एक प्रश्न विचारा : तेथे कोणाचे घर होते, आणि त्या घरी अजून दिवा का लागला नाही?